धोंडिराम टेकडीवर

४ जानेवारी, रविवार

सिद्धेशचा फोन आला. आमचं बापलेकाचं बोलणं इथे पूर्ण उतरवून ठेवतो, फार जागा लागणार नाही.

"हॅलो पप्पा."

"हां. बरा आहेस?"

"हो. तुम्ही?"

"एकदम. थांब, आईला देतो."

पुढे सुलक्षणा पाऊण तास बोलत होती. टोरांटोत मेथीची जुडी कशी मिळते इथपासून ते शेजारच्या बाईच्या मांजरापर्यंत. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून कान तिकडे लावले होते. शेवटी तिचा आवाज उतरला. यंदाही यायला जमणार नाही म्हणाला. तिसरं वर्ष.

टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून माझा जन्म गेला. घाटकोपर ते मुलुंड अर्ध्या जगाला मी बोलतं केलं आणि घरच्या घरी लाईन लागत नाही. भांडण म्हणाल तर नाही. विषयच सापडत नाही. "जेवलास का" विचारावं तर ते खातं आईकडे. "पगार किती" विचारलं की आमची धाकटी, श्रुतिका, डोळे वटारते. असंच चाललं तर माझा मुलगा मला "आईला देतो" म्हणणारा माणूस म्हणूनच ओळखणार. हे मला नको आहे.

७ जानेवारी, बुधवार

श्रुतिकाला सहज म्हटलं, तुझा दादा लहानपणापासून अबोलच. तर ही पोरगी खो खो हसत सुटली. "दादा अबोल? पप्पा, गेम खेळताना ऐका त्याला. तोंड बंद होत नाही."

गेम लढाईचा आहे. दुसरं महायुद्ध, इटलीतली एक टेकडी, चिखल, खंदक, आणि वर जर्मन बसलेले. पाच जणांची एक तुकडी. सिद्धेश आणि त्याचे कॉलेजचे मित्र तिकडच्या शुक्रवारी-शनिवारी रात्री खेळतात, म्हणजे आपल्याकडे शनिवार-रविवार सकाळ. त्यातला आकाश मला ठाऊक आहे, गोवंडीचा, आपल्याकडे जेवायला यायचा आणि सोलकढी तीनदा मागायचा. पाचव्याचं नुकतंच लग्न झालं, त्यामुळे त्याचं सैन्यातून नाव कमी झालं. जागा रिकामी आहे.

मी म्हटलं, मला भरती कर.

हसून हसून तिला उचकी लागली. मग माझ्या तोंडाकडे बघून ती गप्प झाली आणि सिद्धेशच्या जुन्या कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं कव्हर काढायला गेली. एक अट मी घातली. मी आहे हे त्याला कळता कामा नये. कळलं तर तो दोन मिनिटांत "आईला द्या" म्हणेल.

१० जानेवारी, शनिवार

पहिल्याच दिवशी मी मुलाला गोळी घातली.

नाव धोंडिराम घेतलं आहे. हे आमच्या खात्यातले जुने सुपरवायझर, कोणाला संशय यायचं कारण नाही. श्रुतिकाने आकाशला सांगितलंय की तिच्या ऑफिसातले एक सर आहेत, नाशिकचे, माईक बिघडलाय म्हणून टाईप करून बोलतील. कानात हेडफोन घातला आणि सिद्धेशचा आवाज आला. "वेलकम काका! घाबरू नका, माझ्या मागे मागे या."

त्याचा असा मोकळा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. फोनवर येतो तो कोणी दुसराच इस्त्रीचा सिद्धेश असतो. ऐकण्याच्या नादात बोट कुठेतरी लागलं, बंदूक उडाली, आणि माझ्या पुढे चालणारा शिपाई चिखलात तोंडावर पडला.

"अरे काका! आपल्याच माणसाला?" आकाश ओरडला.

"असू दे रे, नवीन आहेत," चिखलातून सिद्धेशचा आवाज. "पाठीत घातली पण, नेम चांगलाय."

सुलक्षणा चहा घेऊन आली तर मी घामाघूम. "ह्या काय चल्लाहा? सकाळी सकाळी कोणाचो जीव घेतास?"

"तुझ्या झिलाचा," मी म्हटलं.

११ जानेवारी, रविवार

बंदूक परत केली. मी आता मलमपट्टीवाला आहे. पिशवीत पट्ट्या आणि सुया, जखमी पडला की धावत जायचं आणि उठवायचं. सिद्धेशनेच सुचवलं. म्हणाला, "काका, तुम्ही मेडिक व्हा, आपण सगळे जास्त जगू."

खेळ म्हणतात, पण तो बघवत नाही. पाय गुडघ्यापर्यंत रुततात, धुरात काही दिसत नाही, आणि पडलेली पोरं आईला हाका मारतात, वेगवेगळ्या भाषांत. सुलक्षणा मागे उभी होती. तिचे आजोबा खरोखर इटलीच्या लढाईला गेले होते. परतले ते जर्मनचा एक मग घेऊन, आणि लढाईचं कोणी विचारलं की त्या मगातून पाणी पीत बसायचे. बराच वेळ ती बघत राहिली. "त्या कोपऱ्यातल्याक बघा आधी," म्हणाली, "तो केव्हाचो कण्हता."

मी गेलो. उठवला. बरं वाटलं. तिलाही.

१७ जानेवारी, शनिवार

आज सगळ्यांची बोलणी खाल्ली.

खंदक इतका अरुंद की दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. पुढे सिद्धेश जखमी होता. वाटेत एक अनोळखी शिपाई आडवा पडलेला. त्याच्यावरून उडी मारल्याशिवाय इलाज नव्हता. मारली. आणि पाय थबकले.

आडव्या माणसाला ओलांडू नये. ओलांडलंच तर त्याच वाटेने उलटं ओलांडायचं, नाहीतर त्याची वाढ खुंटते. हे मला माझ्या आईने शिकवलं, तिला तिच्या सासूने. भटवाडीच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली, पोरं ओळीने झोपलेली. पहाटेच्या ड्युटीला निघताना खुंटीवरचा शर्ट घ्यायला त्यांना ओलांडून जावं लागायचं, आणि कितीही उशीर झालेला असो, मी शर्ट घेऊन त्याच वाटेने उलटा यायचो. एकदाही चुकलो नाही. तरी सिद्धेश पाच फूट चारवर थांबला, त्याला सुलक्षणाचं माहेर कारण आहे.

तर मी मागे वळलो आणि त्या पोराला उलटं ओलांडलं. मग पुढे जायला परत ओलांडावं लागलं, म्हणून परत उलटं. तेवढ्यात वरून जर्मनाने मला टिपला. सिद्धेश तिकडे तळमळत गेला. टेकडी गेली.

"काका, उड्या कसल्या मारताय! झुंबा क्लास आहे का!" आकाश इतका ओरडला की कानातला मळ निघाला असेल.

सिद्धेश मात्र काहीच बोलला नाही. शेवटपर्यंत नाही. चिडला असणार. दिवस वाईट गेला.

१८ जानेवारी, रविवार

आज जाऊ नये असंच वाटत होतं. पण गेलो.

पुन्हा तोच खंदक, पुन्हा एक पोरगा आडवा. मी उडी मारली, थांबलो, मागे वळलो. आकाशने सुरुवात केली, "काका, परत नको ना यार..."

"आक्या, करू दे त्यांना," सिद्धेश म्हणाला. "काका, तुम्ही आरामात करा. मी कव्हर देतो."

आणि तो खंदकावर चढला आणि माझं उलटं ओलांडून होईपर्यंत वरच्या जर्मनांवर गोळ्या झाडत राहिला. एवढ्याशा गोष्टीसाठी! म्हातारा माणूस आहे, काहीतरी समजूत असेल त्याची, असा विचार केला असणार. फार समजूतदार पोरगा आहे. मला फार अभिमान वाटला.

नंतर त्याने विचारलं, "काका, तुमच्या नाशिकला पण असं उलटं ओलांडतात?"

मी एका बोटाने टाईप केलं, "सगळीकडे ओलांडतात."

"हो का," म्हणाला. आवाज जड येत होता. तिकडे बर्फ पडतोय, सर्दी झाली असेल. श्रुतिकाला सांगितलं, दादाला वाफ घ्यायला कळव. ती माझ्याकडे बघतच राहिली, मग म्हणाली, "सांगते हां."

२५ जानेवारी, रविवार

खेळ सुरू व्हायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं सगळे जमेपर्यंत गप्पा होतात. हल्ली सिद्धेश लवकर येतो आणि मीही. आकाश बिचारा झोपाळू.

आज त्याने काय काय सांगितलं! ऑफिसात नवीन बॉस आहे, ती चांगली आहे. पहिल्या वर्षी घरमालकाने हीटर बंद ठेवला होता तेव्हा तो स्वयंपाकघरात झोपायचा, ओव्हनचं दार उघडं टाकून. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. फोडणीचा भात आता त्याला जमतो. ऋतिका नावाची मुलगी आहे, दादरची, तिकडेच शिकते आहे, तिच्याबरोबर तो रविवारी पाच किलोमीटर धावतो. "घरी अजून सांगितलं नाही," म्हणाला. "आईला सांगेन. पप्पांना कसं सांगायचं कळत नाही."

मग लिहिलं, "मुलगी चांगली असेल तर पप्पा काय म्हणणार. धावते म्हणजे तब्येत चांगली."

तो मोठ्याने हसला. "तुम्ही सांगताय म्हणजे नक्की, काका."

सुलक्षणाला ऋतिकाचं सांगायची इतकी उबळ आली होती की दुपारभर तोंडात बडीशेप धरून बसलो. सैनिकाचं गुपित आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

आज विषय निघाला. मी काढला नाही, त्यानेच काढला.

"काका, माझे पप्पा फोन घेतात आणि लगेच म्हणतात, आईला देतो. मला वाटतं त्यांना माझ्याशी बोलायला आवडत नसेल."

असा राग आला! तोंडावर सांगावंसं वाटलं, अरे गाढवा, तुला आईशीच बोलायचं असतं म्हणून मी वाटेतून बाजूला होतो. पण धोंडिरामला राग यायचं कारण नव्हतं. मी लिहिलं, "कदाचित त्यांना वाटत असेल की तुम्हाला आईशीच बोलायचं आहे. काही माणसांना बोलायला विषय लागतो. विषय द्या त्यांना."

"असं असेल असं कधी डोक्यातच आलं नाही," सिद्धेश म्हणाला. "थँक्यू काका."

मग आकाश आला, जांभई देत. आम्ही तिघांनी एक पूल उडवला.

८ फेब्रुवारी, रविवार

टेकडी आली!

सविस्तर लिहितो. शेवटच्या खंदकात आकाश पडला, दुसरे दोघेही पडले. उरलो मी आणि सिद्धेश, आणि त्याच्या पायाला लागलेली. मी पट्टी बांधली. "काका, झेंड्यापर्यंत पळूया," म्हणाला, "तुम्ही पुढे, मी मागे." मी म्हटलं, म्हणजे टाईप केलं, "आधी त्या तिघांना." तो म्हणाला वेळ नाही. मी गेलोच. मागून सुलक्षणा आज्ञा देत होती, "डावीकडे! अहो डावीकडे! आकाश पडलो हा थय!" आकाशला उठवला, त्या दोघांना उठवलं, एकाला ओलांडावं लागलं तर उलटंही ओलांडलं, आणि कव्हर द्यायला सिद्धेश लंगडत हजर. पाचही जण वर पोचलो. पाचही जण! झेंडा लागला तेव्हा हेडफोनमध्ये एवढा कल्ला झाला की सुलक्षणाने माझ्या डोक्यावरून तो ओढून स्वतःच्या कानाला लावला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"झील हसता माझो," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मग शिरा करायला गेली. खालच्या मजल्यावरच्या वनमालाबाई विचारायला आल्या, क्रिकेट आहे का आज. त्यांनाही शिरा दिला.

खेळाने मला पदक दिलं आहे. आठवड्यात सर्वांत जास्त माणसं उठवली म्हणून. श्रुतिकाने फोटो काढला आणि कोणाला तरी पाठवला. कोणाला विचारलं तर म्हणे, "असंच."

११ फेब्रुवारी, बुधवार

सिद्धेशचा फोन आला. अवेळी. म्हणाला, "पप्पा, तिकडे गरम व्हायला लागलं का?"

मी म्हटलं, "थोडंफार." आणि सवयीने, तोंडातून निघूनच गेलं, "थांब, आईला देतो."

"द्या," तो म्हणाला. हसल्यासारखा वाटला.

फोन दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. धोंडिरामला एवढं सांगतो, हीटरचं, ओव्हनचं, मुलीचं. बापाला हवामान. खरं सांगायचं तर मला धोंडिरामचा हेवा वाटायला लागलाय. फुकटचा माणूस! ना त्याने फी भरली, ना कांजिण्यांत रात्री जागवल्या, आणि मुलगा त्याला मिळाला.

१५ फेब्रुवारी, रविवार

सिद्धेश येतोय! मार्चमध्ये, दोन आठवडे. सुलक्षणा सकाळपासून डबे घासते आहे. मला ती बातमी तिच्या आधी मिळाली होती, चांगली दोन तास आधी, खंदकात. पण तोंडावर आश्चर्य आणलं. ते बरं जमलं असावं, कारण श्रुतिका म्हणाली, "पप्पा, नाटकात जा तुम्ही."

मात्र वाट लागली ती वेगळीच. खेळ संपता संपता सिद्धेश म्हणाला, "काका, येतोच आहे तर एक दिवस नाशिकला येतो. तुम्हाला भेटायचंय. पाया पडायचंय तुमच्या."

मी घाईघाईत लिहिलं, "नाशिकला पाणी नाही. येऊ नका."

"मग पाणी घेऊन येतो!"

आकाश म्हणाला तोही येईल. आता काय करू? धोंडिरामची बदली करावी लागणार. किंवा सेवानिवृत्ती. पण तो गेला की सकाळची ती दहा-पंधरा मिनिटंही जाणार. आणि खरं सांगितलं तर? आपण परक्या माणसाला बोललो ते सगळं बापाने चोरून ऐकलं, असं त्याला वाटलं तर? मग हवामानसुद्धा बंद होईल. दिवसभर सुलक्षणाने घासलेले डबे मी परत परत पुसत होतो.

२८ फेब्रुवारी, शनिवार

निरोप दिला. लिहिलं, "मी मुलीकडे राहायला चाललो आहे. तिथे कॉम्प्युटर नाही. तुम्ही सगळे चांगली पोरं आहात. खंदकात डोकं खाली ठेवा."

आकाश खरंच हळहळला. "काका, तुमच्याशिवाय आपली वाट लागेल यार. झुंबा मिस करणार."

सिद्धेश म्हणाला, "हरकत नाही काका. भेट होईलच."

त्याला काहीच वाटलं नाही? दोन महिने मी त्याला किती वेळा मरणातून उठवला! मला वाईट वाटलं. कॉम्प्युटरवर क्रोशाचं कव्हर घातलं. सुलक्षणाने विचारलं, "झाली लढाई?" मी म्हटलं, झाली.

७ मार्च, शनिवार

पहाटे विमानतळावरून आणला. वजन घटलंय, दाढी वाढवलीय, उंची तेवढीच. गाडीत पुढे बसला आणि सगळा रस्ता सुलक्षणाशी मागे वळून बोलत राहिला. मला विचारलं, "तब्येत?" मी म्हटलं, "मजेत." पुढे काय बोलावं ते ठरवत होतो तोवर बिल्डिंग आली.

दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात तीनदा घेऊन तो हॉलमध्ये चटई टाकून आडवा झाला. सोफा आणि टीव्हीच्या मधोमध, जशी मोकळी वाट आहे नेमकी तिथेच. डोळा लागल्यासारखा वाटला. मला बाथरूमला जायचं होतं. दुसरा रस्ता नाही. पँट सावरली, ओलांडला, बाथरूमच्या दारापर्यंत गेलो.

आणि पाय थबकले.

लाज वाटली मला. एकोणतीस वर्षांचा घोडा, अजून किती वाढणार आहे? पण पाय ऐकेनात. परत आलो, हळूच उलटा ओलांडला. आता पलीकडे जायला सोफ्यावर चढावं म्हणून एक पाय वर टाकला.

"कव्हर देऊ का, धोंडिरामकाका?"

डोळे मिटलेले होते. फक्त दाढीत हसत होता.

माझा एक पाय सोफ्यावर तसाच. "कधीपासून?"

"पहिल्या उडीपासून." तो उठून बसला. "पप्पा, शर्ट घ्यायला तुम्ही आम्हाला ओलांडायचात ना, मी जागा असायचो. रोज. तुम्ही उलटे आलात की मग झोपायचो. त्या दिवशी खंदकात बघितलं आणि... मला बोलताच येईना. आक्याला वाटलं, मी चिडलोय."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलत होतोच की! दोन महिने कोणाशी बोलत होतो मी? नाशिकच्या माणसाशी?"

मी सोफ्यावरच बसलो. हीटर, ओव्हन, ऋतिका, आईला देतो, सगळं त्याने मलाच सांगितलं होतं. मला. जीव एवढा हलका झाला की काय करावं कळेना. आधी हसलो, मग डोळे भरून आले, मग परत हसलो. तोही. त्याने चटईवरून सरकून माझ्या गुडघ्याला पाठ टेकली, लहानपणी टीव्ही बघताना टेकायचा तशी.

"तो पूल उडवायला तू उगाच घाई केलीस," मी म्हटलं.

"मी? पप्पा, तुम्ही दारूगोळ्यावर उभे होतात!"

"मला काय माहीत ते दारूगोळा आहे? मला वाटलं भाजीच्या पेट्या."

तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. ऋतिका, बर्फ, नवीन बॉस, आकाशचा झोपाळूपणा, परत तो पूल. बाथरूमला जायचं होतं हे मी विसरलोच. चार वाजता सुलक्षणा पदराला हात पुसत बाहेर आली आणि आम्हा दोघांकडे बघत उभी राहिली.

"सिद्धू, माका तुझ्याशी जरा बोलाचा हा."

"थांब जरा," मी म्हटलं. "आम्ही बोलतोय."